आखाजीचा मोठा पॉट

६ एप्रिल
माळ्यावरून आइस्क्रीमचा पॉट काढला. चार लिटरचा, आईच्या वेळचा. मागच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तीनदा भरावा लागला. तिसरा होईपर्यंत पहिल्याचं दूध झालेलं, मुलं पाळीपाळीने खात होती. ताई भुसावळला निघताना म्हणाली, "पुढच्या वर्षी मोठा घे गं. सगळे एकदम खायला बसू." आई गेल्यापासून दोघी बहिणींचं माहेर म्हणजे मी. घ्यायचाच.

९ एप्रिल
कॉलेजातून येताना इथल्या, धुळ्यातल्या दुकानात. दुकानदाराने मिक्सरएवढं विजेचं मशीन दाखवलं. "घरी किती जण, मॅडम?" एक, म्हणाले. मग घाईने, वीस. तो बघत राहिला. दोन्ही खरं आहे. तरी काही लपवल्यासारखं का वाटलं? म्हणाला, एवढ्यांसाठी जळगावला बघा, केटरिंगच्या सामानात.

१३ एप्रिल, रवि.
एसटीने जळगाव. दुकानदार भाऊ बोलका. दहा लिटरचा पॉट: बाहेर लाकडी पिंप, आत डबा. मोटरचाही आहे, हाताने फिरवायचाही.
"ताई, अर्ध्याच्या खाली भरायचा नाही. पातं नुसतं गरगरतं, आइस्क्रीम धरत नाही."
म्हणजे एरवी माझ्या एकटीच्या उपयोगाचा नाही.
हाताचा एकटीने फिरेल का, विचारलं.
"एकाने फिरवायचं, एकाने वर गोणपाट टाकून बसायचं. नाहीतर पिंपच नाचतं. एकट्याने करायचं तर मोटर. मोटरला कोणी लागत नाही."
कळवते म्हटलं. परतीच्या एसटीत पारोळा गेलं तरी डोक्यात तेच. कोणी लागत नाही.

१५ एप्रिल
ताईचा फोन. सुनेला दिवस गेलेत, डॉक्टर प्रवास नको म्हणतात. "नक्की धरू नको."
"पॉट केवढा घ्यायचा म्हणून विचारते."
"म्हणजे आम्ही पॉटसाठी यायचं होय?" हसली. मीही.
फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मी 'या' म्हटलंच नाही. लिटर विचारत बसले.

१८ एप्रिल
सुरतहून नीता, धाकटी. तिकीट वेटिंगवर. "आणि खरं सांगू? आता घरबसल्या आइस्क्रीम येतं. तू एवढा घाट कशाला घालतेस?"
बरोबर आहे. कशाला? जे उत्तर सुचलं ते तिला सांगण्यासारखं नव्हतं.
शेजारच्या सिंधूअक्कांजवळ बोलले. "बठ्ठा येतीन. माहेर शे त्यास्नं." सगळे येतील म्हणे. अक्का पावसाबद्दलही असंच ठामपणे सांगतात.

२२ एप्रिल
मोटर की हाताचा. मोटर घेतली तर कोणाची वाट बघायला नको. बटण दाबलं की झालं. शहाणपणाचं तेच.
मागच्या वर्षी नीता वर बसली होती. मेहुणे फिरवत होते. "अहो, आटपा की. खालून गोठले मी." ताई हसून हसून भिंतीला टेकली. मोटरच्या पॉटवर कोणाला बसावं लागत नाही.
पण हाताचा घ्यायचा म्हणजे त्यांना येणं भाग पाडायचं? हे आमंत्रण की...
संध्याकाळी जळगावच्या दुकानदार भाऊंना फोन केला. हाताचा, म्हटलं.
"माणसं आहेत ना, ताई?"
"आहेत."

२८ एप्रिल
पॉट आला. पाण्याने भरून अंगणात ठेवलाय. लाकूड फुगलं की फटी मिटतात, तोवर गळणार. चारी बाजूंनी गळतोय.
दोघींना फोन केला. पॉटचा विषय काढला नाही. 'या' एवढंच म्हटलं. ताई म्हणाली, "बघते गं." नीताचं वेटिंग थोडं सरकलंय.

२९ एप्रिल
उद्या आखाजी. सकाळी पाहिलं, गळायचा थांबलाय. अंगण कोरडं.
गोणपाटाची घडी टाकून वर बसून पाहिलं. दांडा हाताशी येतो, फिरवता येत नाही. अक्कांनी कुंपणावरून पाहिलं बहुतेक.
आंबे पेंढ्यातून काढले. फोन दोघींपैकी कोणाचाच नाही.
आत्ता दूधवाला. "उद्या कितलं दूध लागी, मॅडम?"
अर्ध्याच्या वर, म्हणाले. तो नुसता बघत राहिला. मग लिटरमध्ये सांगितलं.