वारुळाच्या अंगावरचा शर्ट

हॉबार्ट,
१४ एप्रिल २००३

चि. कोरल हिस अ. आ.

आईच्या गुडघ्यांना त्या काळ्या मलमाने काही फरक पडला का, ते कळव. इथे थंडी सुरू झाली असून सकाळी गोदीत बोटं वळत नाहीत. तुम्ही तिकडे उत्तरेत घामाने निथळत असाल, म्हणून जास्त तक्रार करत नाही.

मी बाबांच्या मातीला आलो नाही, यावरून तू मला एका शब्दानेही बोलली नाहीस, आणि तेच जास्त लागतं. आता एकच मागणं आहे. रस्त्याच्या कामावर बाबा शेवटपर्यंत घालत होते तो खाकी शर्ट मला पाठव. बाकी सगळं तू आणि आईने ठेवा.

आईस नमस्कार. तुमची रोज आठवण काढणारा,
रॉस


मटारांका,
२ मे २००३

ती. रॉसदादास कोरलचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मलमाचा गुण म्हणशील तर इतकाच, की त्या वासाने कुत्रं आईच्या खोलीत यायचं बंद झालं. गुडघे आहेत तसेच आहेत.

आमच्या पेट्रोल पंपावरच्या खानावळीत गल्ल्याशेजारी जुन्या कपड्यांचं खोकं अजून असतं, आणि येणारे-जाणारे त्यातले कपडे नेऊन रस्त्याकडेच्या माणसाएवढ्या वारुळांना घालतात. परवा कुणीतरी एका वारुळाला नवरीचा झगा चढवला. लगेच दुसऱ्याने शेजारच्याला टाय बांधला. आता लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. बाबांनी आधी रस्ता सपाट करायचा आपला ग्रेडर थांबवून नवरीला सलाम ठोकला असता आणि मग सगळ्यांना रिकामटेकडे म्हटलं असतं.

शर्ट पाठवते. धुवायचा आहे, जरा वेळ लागेल. नेमका तोच का मागितलास रे? त्यापेक्षा घड्याळ घे, छान चालतं. आणि मातीचं मनात ठेवू नकोस. पुराने रस्ते बंद होते हे सगळ्यांना माहीत आहे.

या बहिणीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
कोरल


हॉबार्ट,
९ जून २००३

चि. कोरल हिस अ. आ.

पुडकं मिळालं. दार लावून घेतलं आणि शर्टात तोंड खुपसलं. ग्रेडरच्या ग्रीसचा तोच वास. चाळिशी उलटलेला बाप्या मी, पण हुंदके देऊन रडलो.

आता तुला खरं सांगतो. पुराचं निमित्त झालं. तुमच्या जवळच्या कॅथरिन गावापर्यंत विमान येत होतं, मी तिकीटच काढलं नाही. बाबांना शवपेटीत बघायची हिंमत नव्हती. पोटचा पोरगा असून परक्यासारखा वागलो, हे मला रोज खातं.

पुढच्या महिन्यात येतोय. शर्ट बरोबर आणतो. ज्या रस्त्यावर बाबांचा जन्म गेला, तिथल्या एखाद्या उंच वारुळाला तो माझ्या हाताने घालीन. मातीला नव्हतो, निदान एवढं तरी करू दे. तू शर्ट जपून ठेवलास म्हणून हे जमतंय. तुझे उपकार फिटायचे नाहीत.

आईस नमस्कार. असाच जीव लावत जा.
रॉस


मटारांका,
२५ जून २००३

ती. रॉसदादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईला वाचून दाखवताना मधेच थांबले. तिने काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, पोरगा तिकडे बाप समजून ग्रीस हुंगतोय आणि तू गप्प बसलीस?

दादा, तुझ्याकडचा शर्ट बाबांचा नाही. माती झाली त्याच आठवड्यात मी कपाट रिकामं केलं. उघडलं की रडू यायचं. जुने कपडे पंपावरच्या खोक्यात टाकले, त्यात तो गेला, आणि कुण्या वाटसरूने नेला. मग तुझं पत्र आलं. बाबा जन्मभर एकाच दुकानातून एकाच जातीचे शर्ट घेत. तसाच नवा आणला, उन्हात विटवला आणि त्यांच्या हत्यारांच्या पेटीत दाबून ठेवला. वास तिथला आहे. एवढी लबाडी मला येते हे मलाच माहीत नव्हतं. तुझे ते उपकाराचे शब्द वाचून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खरा शोधायला मी दर रविवारी गाडी काढत होते. प्रत्येक वारुळापाशी उतरायचं, कॉलरी उलटून बघायच्या. लोक मला वेडी समजत असतील. गेल्या रविवारी सापडला. पुलापलीकडे, डाव्या हाताला, माझ्या डोक्याहून उंच वारूळ आहे. खिशाला बाबांनी मासे धरायच्या तंगुसाने घातलेले टाके अजून तसेच आहेत. गुंडीला हात लावला तर कापडाचा तुकडाच हातात आला. त्या पुराच्या पावसाळ्यात वाळवीने पाठ खाल्ली आहे, आणि बाह्यांतून गळ्यापर्यंत माती भरत आणली आहे. ओढला तर चिंध्या होतील, म्हणून तसाच राहू दिला.

तू ये. मला वाट्टेल ते बोल, मी ऐकून घेईन. तुझ्याकडचा शर्ट शेजारच्या धाकट्या वारुळाला घालू. मोठ्यापाशी तू नुसता उभा राहा आणि मूठभर माती घाल. बाबांची माती तिथे अजून चालूच आहे, दादा. तुला उशीर झालेला नाही.

लोभ उरला असेल तेवढा घेऊन ये.
कोरल