घरचे दूर उभे राहिले

प्रिय मार्थाताई,

आज चर्चमध्ये शास्त्रवाचनाची पाळी माझी होती. अडतिसावं स्तोत्र. अर्ध्यावर आले आणि पुढे वाचताच येईना. पाळकसाहेबांनी उठून उरलेलं वाचलं. लोकांना वाटलं, बहिणीच्या आठवणीने गळा दाटला. तसं नव्हतं गं! तू गेल्यावर सहा महिन्यांनी मला त्या ओळीचा अर्थ कळला. म्हणून घरी आल्याबरोबर तुलाच लिहायला बसले.

आठवतंय, हीच ओळ तू माझ्याकडून किती वेळा वाचून घेतलीस? आजारी माणूस देवाला सांगतो, की माझं दुखणं बघून सोबती लांब झाले आणि घरचे दूर उभे राहिले. मी वाचून संपवलं की तू म्हणायचीस, "परत वाच, एस्तेर."

मला वाटायचं, तुझा राग चर्चच्या मंडळीतल्या बायकांवर आहे. असणारच! छातीतली गाठ फुटून जखम वाहायला लागली, तेव्हा त्या प्रार्थनेला म्हणून आल्या आणि आपल्या परळच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या. गॅलरीतूनच डोळे मिटले. जाताना एक म्हणाली, "मार्थाबाई, मन तपासून बघा. काही पाप कबूल करायचं राहिलं असेल." जन्मभर शाळेत शिकवलंस, आईचं सगळं अंथरुणात केलंस. तू काय कबूल करणार होतीस? मी तिच्याशी कडाकडा भांडले. वाटलं, केवढी तुझी बाजू घेतली!

आणि मी स्वतः कुठे बसायचे गं? खिडकीपाशी. खिडकी सताड उघडी आणि पदर नाकाला. तशीच तुला ते वचन वाचून दाखवायचे. तू माझ्याकडे बघत असायचीस. एकदाही कशी बोलली नाहीस? एक शिवी तरी हासडायचीस!

शेजारच्या परबकाकू मात्र रोज सकाळी आत यायच्या आणि थेट पलंगावर बसायच्या. तू एकदा म्हणालीस, "काकू, वास येतोय, लांब बसा."

"येवंदे गे," त्या म्हणाल्या. "सरक जरा, केस इंचरतंय तुझे."

आणि तू हसलीस. त्या आजारपणात तुला हसताना मी पाहिलं ते तेवढंच. जखमेची पट्टीही पुढे त्याच बदलायला लागल्या. मी गरम पाणी आणून दाराशी ठेवायचे आणि म्हणायचे, मला रक्त बघवत नाही. रक्ताचं काही नव्हतं. मला तुझी किळस यायची, ताई. लिहिलं एकदाचं.

शेवटच्या दुपारी तू हात पुढे केलास. नुसता, चादरीवरून. मी "डॉक्टरांना फोन करते" म्हणून गॅलरीत आले. फोन झाला, तरी कठडा धरून उभीच राहिले. खाली कोणी गाडी धूत होतं, ते बघत. आतून काकूंची हाक आली, "एस्तेर, बेगीन ये गे!" आत आले तेव्हा तुझा हात त्यांच्या हातात होता आणि तू गेली होतीस.

तुझी मेघा नागपूरहून पोचली ती मातीच्या वेळी. पहिलं काय विचारलं असेल? "मावशी, आई एकटी नव्हती ना?" मी म्हटलं, "मी हात धरून होते, बाळा." तेव्हापासून पोर मला आई म्हणते. आणि मी म्हणू देते!

आज 'घरचे' या शब्दापाशी जीभ अडली. इतके महिने ती ओळ तू माझ्याच तोंडून मला ऐकवत होतीस. मला का नाही ऐकू आली?

मेघा मुंबईत आली आहे, संध्याकाळी माझ्याकडे जेवायला येणार आहे. पान वाढायच्या आधी सगळं सांगणार आहे तिला, परबकाकूंना समोर बसवून. ती उठून जाईल. कदाचित पुन्हा कधी दार वाजवणार नाही. न वाजवू दे. पण तुझा हात कोणी धरला होता, ते तिला आज कळेल. एवढं वचन देते. माफी मागायची हिंमत अजून नाही.

तुझी,
एस्तेर