पुढच्या फर्म्याची शिष्यवृत्ती

मी, खाली सही करणारी, धंद्याने पुस्तकबांधणी करणारी, वय सत्तरीच्या पलीकडचे, असे लिहून ठेवते की पुढचा मजकूर मी पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि चष्मा लावून लिहिला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. मुलाने थोडा प्रयत्न करून पाहिला, पण तो माझाच मुलगा असल्यामुळे कुठवर ताणायचे हे त्याला ठाऊक आहे. गुडघे सोडले तर प्रकृती ठणठणीत आहे. वकिलांनी आधी एक मसुदा दिला होता. त्यात 'सदरहू' इतक्या वेळा आले होते की मी तो बाजूला सारला आणि स्वतःच लिहायला बसले. कायद्याला लागतात तेवढे शब्द त्यांनी नंतर घातले आहेत, बाकी सगळे माझे.

या मृत्युपत्राने मला दोन गोष्टी साधायच्या आहेत. शिक्षण अर्धवट सुटलेल्या बायकांना परत शिकता यावे म्हणून माझ्या घरादाराची शिष्यवृत्ती करायची आहे. आणि माझी सून कॉलेजचे दुसरे वर्ष सोडून आली, तिला ते पुरे करताना बघायचे आहे. पहिली गोष्ट माझ्या मागे झाली तरी चालेल.

कलम पहिले : माझी ओळख. माझे खरे नाव कागदोपत्री आहे. पण मी ज्या नावाला ओ देत आले ते 'तेहतीसवाली'. लग्नानंतर मी बांधणीच्या कारखान्यात लागले. लांबलचक खोली, उंच खिडक्या, खळीचा आंबूस वास आणि मधोमध खोलीभर टेबल. छापखान्यातून मोठाले कागद यायचे, एकेका कागदावर सोळा पाने. त्याच्या घड्या घातल्या की सोळा पानांचा जो गठ्ठा होतो तो फर्मा. टेबलाशी प्रत्येकीची जागा ठरलेली आणि जागेप्रमाणे फर्मा ठरलेला. माझी जागा तिसरी. म्हणजे पुस्तक कुठलेही असो, माझ्या हातात पाने तेहतीस ते अठ्ठेचाळीस. माझ्या डावीकडे सतरावाली, उजवीकडे एकोणपन्नासवाली.

हंगामात शाळेची पुस्तके यायची. दिवसभर तीच सोळा पाने डोळ्यांखालून जायची. माझी शाळा सातवीत सुटली होती, वाचायची भूक तशीच होती. राजाचा जन्म मला कधी कळला नाही, माझ्याकडे तो थेट गादीवर बसलेलाच यायचा आणि मरायच्या आत पुढच्या बाईकडे निघून जायचा. नदी कुठे उगम पावते हे सतरावालीला माहीत, समुद्राला कुठे मिळते ते एकोणपन्नासवालीला. मालक मागून फिरत म्हणायचे, "डोळे घडीवर ठेवा, अक्षरावर नको." डोळे कुठे ठेवायचे हे मालकांना विचारून ठरवायची सवय मला लागली नाही.

कलम दुसरे : घर आणि दुकान. खालचे माझे बांधणीचे दुकान आणि वरच्या दोन खोल्या माझ्या एकटीच्या नावावर आहेत. त्या मी शिष्यवृत्तीच्या निधीला देते. वरच्या खोल्या भाड्याने द्याव्या. दुकानात माझ्याबरोबर पगारावर काम करणाऱ्या दोघीजणी धंदा चालवतील तोवर चालवू द्यावा, त्यांनी निधीला रास्त भाडे द्यावे. बँकेत असेल ते माझ्या आजारपणात उरले तर तेही निधीला.

निधीचे नाव 'पुढचा फर्मा' असे ठेवावे. वकील म्हणाले, "लोकांना कळणार नाही." म्हणून कारण लिहिते.

मी पस्तिशी ओलांडल्यावर बायकांच्या दुपारच्या शाळेत गेले. कोणी एक बाई मरताना त्या शाळेसाठी निधी ठेवून गेली होती. शाळेत गेले की माझा अर्ध्या दिवसाचा पगार कापला जाई, तो त्या निधीतून भरून मिळे, बसचा पासही मिळे. ती बाई कोण, हे मला कधी कळले नाही. तिला मी रोज मनात नमस्कार करत आले आहे.

सहामाहीला विज्ञानात हृदयाचे कार्य विचारले होते. मी आनंदाने लिहीत सुटले, कारण हृदय माझ्या फर्म्यात होते. रक्त कुठून येते, कुठल्या कप्प्यात शिरते, सगळे तोंडपाठ. लिहिता लिहिता 'तेथून शुद्ध झालेले रक्त' एवढे लिहिले आणि पूर्णविराम न देता पुढचा प्रश्न घेतला. अठ्ठेचाळिसावे पान तिथेच संपत होते. पुस्तक माझ्याकडे पुरे होते, मी ते वाचलेही होते, पण इतक्या वर्षांच्या सवयीने हात तिथेच थांबला. उत्तरपत्रिका परत आली तेव्हा बाईंनी तांबड्या शाईने लिहिले होते, 'पुढे?'

मी उभी राहून म्हणाले, "पुढचं एकोणपन्नासवालीला पाठ आहे, बाई."

काय प्रकार आहे ते कळल्यावर बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग म्हणाल्या, "मग तिलाही घेऊन या."

तिला घेऊन गेले. तिच्या मागोमाग सतरावाली आली, मग पहिल्या पानाची मोठी बाई, मग जवळजवळ अख्खे टेबल. मालक कपाळाला हात लावून म्हणाले, "माझा कारखाना बंद पाडता की काय?" शेवटी आम्ही सकाळी लवकर येऊन काम उरकायचे ठरवले. डबे खाताना आम्ही जागेप्रमाणे बसायचो आणि एकेकीने आपापली पाने सांगायची. त्या टेबलाशी मी अख्खा इतिहास पहिल्यांदा ओळीने ऐकला. आजही कधी दुपारी दुकानात एकटी असले की ते आवाज कानात येतात आणि जीव गलबलतो. त्यातल्या बऱ्याचजणी आता नाहीत.

पुढे त्या निधीच्या समितीत शहाणी माणसे आली. 'प्रौढ बायकांवर खर्च वाया जातो' असे म्हणून त्यांनी तो दुसरीकडे वळवला आणि दुपारची शाळा बंद पडली. म्हणून माझ्या निधीचे नियम मी स्वतः घालून देते. त्यांत काडीचा बदल करू नये.

शिक्षण का सुटले हे कोणत्याही बाईला विचारू नये. सांगायचे असेल तर ती सांगेल, तेव्हा चहा द्यावा आणि ऐकावे. 'या वयात कशाला?' असे समितीतल्या कोणी विचारले तर त्याच बैठकीत विचारणारीची जागा रिकामी समजावी. फी भरावीच, पण फीवर थांबू नये. मूल सांभाळणारी, आजारी सासूपाशी बसणारी, स्वयंपाकाला हातभार लावणारी, बसचा पास, चष्मा, हे सगळे शिक्षणाच्या खर्चात धरावे. फी कोणीही भरतो, घोडे अडते ते दुपारी घर कोणी बघायचे इथे. नापास झाली म्हणून मदत थांबवू नये. समितीत तीन बायका असाव्यात आणि त्यांतली एक तरी कधी ना कधी नापास झालेली असावी. पहिली म्हणून एकोणपन्नासवालीला नेमते. ती गणितात दोनदा गेली आहे, पात्रतेबद्दल शंका नको.

कलम तिसरे : माझे यजमान कारखान्यात कटिंगच्या यंत्रावर होते. त्यांनी मला कधी दागिना आणला नाही. माझी वाचायची ओढ पाहून ते रद्दीतले वाकडे छापलेले, डाग पडलेले फर्मे बाजूला काढायचे आणि सुतळीने बांधून घरी आणायचे. तेहतीसच्या आधीचे आणि अठ्ठेचाळीसच्या पुढचे. असे जमवून जमवून त्यांनी मला एक भूगोल पुरा करून दिला. त्यातला एक फर्मा उलटा छापलेला आहे, तो वाचताना पुस्तक फिरवावे लागते. ते पुस्तक देताना म्हणाले होते, "बघ, लागतंय का ओळीनं." एवढेच. त्यांच्याइतके गोड मला कोणी बोलले नाही. हा भूगोल माझ्या नातीला द्यावा. नव्याने बांधू नये.

कलम चौथे : हत्यारे. घडी दाबायची हाडाची पट्टी, टोचे, सुया, सोनेरी अक्षरांचे ठसे दुकानातल्या दोघींना समसमान. भांडल्यास ठसे मोठीला, तिचा हात स्थिर आहे. पुस्तके दाबायचा लोखंडी शिकंजा मात्र मालकांच्या चिरंजीवांना परत द्यावा. मी दुकान काढले तेव्हा मालकांनी तो मला नवा म्हणून विकला होता. त्याचा आटा पहिल्या दिवसापासून घसरतो. चिरंजीवांनी तो एकदा पिळून पाहावा, एवढीच माझी इच्छा आहे.

कलम पाचवे : मी शाळेत जायला लागले तेव्हा जाऊबाई चारचौघांत म्हणाल्या होत्या, "आता दप्तर आणि पाण्याची बाटली पण घेऊन द्या हिला." मी पास झाल्यावर त्या पेढ्यांऐवजी सल्ला घेऊन आल्या. त्यांच्याकडे माझी शिवणाची कात्री आहे, ती त्यांनी ठेवून घ्यावी. राग मी सोडला आहे. थोडासा आहे, तो माझ्याबरोबर जाईल.

कलम सहावे : मुलाला या मृत्युपत्राने काही नाही. त्याचे घर आणि धंदा उभा करायला जे द्यायचे ते आम्ही दोघांनी हयातीतच दिले, हे त्याला मान्य आहे. दुकान विकून त्याला धंदा वाढवायचा होता, म्हणून तो दोन दिवस गाल फुगवून होता. मुलगा गुणी आहे. लहानपणी मी अभ्यासाला बसले की तो माझे पाढे घ्यायचा आणि चुकले की खूश व्हायचा.

कलम सातवे : माझी सून. कॉलेजात तिचा विषय रसायनशास्त्र. दुसऱ्या वर्षाला असताना वडील अंथरुणाला खिळले, ती घरी आली, मग लग्न, मग मूल. आता ती दुकानात मला मदत करते. आम्ही कॉलेजवाल्यांचे प्रबंध बांधतो. पहिल्या पानावर पत्नीच्या सहनशीलतेचे आभार असतात, मग प्रबंध सुरू होतो. सूनबाई पाने जुळवता जुळवता वाचत उभी राहते. गिऱ्हाईक खोळंबते, मी ओरडते, आणि मनातून मला बरे वाटते.

एकदा विचारले, "जातेस का परत?"

ती पाने ठोकत म्हणाली, "आई, घर कोण बघेल?" 'नको' म्हणाली नाही, हे मी ऐकून ठेवले.

मुलगा म्हणाला, "आता तिला कशाला त्यात पाडतेस? छत्तिशीची झाली ती."

"मी तेवढीच होते."

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"हो. तेव्हा तू लहान होतास आणि जास्त शहाणा होतास."

म्हणून या कलमात मी लिहिले होते की निधीची पहिली शिष्यवृत्ती माझ्या सुनेला द्यावी. वकील मजकूर पक्का करायला दुकानात आले, एकोणपन्नासवाली सोबतीला बसली होती. वकील म्हणाले, "साक्षीदार म्हणून सूनबाईच चालतील, घरातल्याच आहेत." मग सातवे कलम वाचून त्यांनी जीभ चावली. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये, म्हणाले. सूनबाई हात पुसत आली होती, तिला मी नुसतेच म्हटले, "तू नको." तिचा चेहरा उतरला. ती आत गेली.

एकोणपन्नासवाली पुढे सरकली. ती वकिलांना म्हणाली, "म्हणजे तिला शिकायचं तर आधी हिनं मरायला हवं?"

वकील म्हणाले, "मृत्युपत्र नंतरच लागू होतं, बाई."

"आणि हिची तर इतक्यात मरायची लक्षणं नाहीत," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "पोरगी म्हातारी होईल वाट बघून."

इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती याचे मला हसू आले आणि रडूही आले. दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून मी सूनबाईला घेऊन कॉलेजात गेले. बसमध्ये तिने माझा हात घट्ट धरला होता, मला आधार द्यायला की घ्यायला, ते विचारले नाही. खिडकीमागचा कारकून म्हणाला, "प्रवेश कोणाचा, मुलीचा का?" ती म्हणाली, "माझा." मी मागे सरकून उभी राहिले.

घरी दुपारी स्वयंपाकाला बाई ठेवली आहे, तिचा पगार मी देते. सकाळचे मुलगा बघतो. भाजीत मीठ कधी घालायचे हे विचारायला त्याचा रोज फोन येतो.

म्हणून सातवे कलम मी रद्द करते. या मृत्युपत्राने माझ्या सुनेला माझ्याकडून काहीही मिळणार नाही. वकील म्हणतात की आता तिच्या साक्षीला हरकत नाही. तिने सही करावी, आणि व्यवसायाच्या जागी काय लिहायचे ते तिचे तिने ठरवावे.

स्थळ : दुकान, कापायच्या टेबलावर.
दिनांक : कॉलेज सुरू झाल्यानंतरचा पहिला रविवार.

लिहून ठेवणारी : (सही) तेहतीसवाली

वरील बाईंनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली आणि आम्ही त्यांच्या देखत केली :

१. (सही) समोरच्या दुकानातला किल्लीवाला. व्यवसाय : किल्ल्या करणे, कुलपे दुरुस्त करणे.

२. (सही) लिहून ठेवणारीची सून. व्यवसाय : विद्यार्थिनी, रसायनशास्त्र, दुसरे वर्ष.