तीन एकर, नऊ भोकं

मी, मोहिनी प्रेमराज गिरासे, वय सव्वीस, धंदा नोकरी, राहणार तालुका शिंदखेडा, जिल्हा धुळे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि चांगल्या मूडमध्ये लिहिते. मला कसलाही आजार नाही. "या वयात कसलं अभद्र लिहितेस?" म्हणून आईने पेन हिसकावून घेतलं होतं. आई, मी रोज कापसाच्या ट्रकांमधून स्कूटीवर धुळ्याला जाते, एवढं कारण पुरे. मी इंग्लिश मीडियमची, कायद्याचं मराठी कच्चं. वकील मेघाताईंनी चुका तपासल्या, वाक्यं माझीच ठेवली.

१. सुगंधाआत्याने बक्षीसपत्राने मला दिलेलं तीन एकर वावर. तिथे मी गावातल्या पोरींसाठी गोल्फचं छोटं मैदान केलंय. हिरवळीला पाणी कुठून आणणार? म्हणून आपल्याकडे भोकांभोवती 'ग्रीन' नाही, 'ब्राउन' आहे: बारीक रेती, त्यात जुनं इंजिन ऑइल, वरून गोणपाट ओढून सपाट. भोकांत जळगावहून आणलेले पाइपचे तुकडे बसवलेत. पहिल्याच आठवड्यात थोरला भाऊ हेमराजदादा ओरडत आला, "घुशीसनी बठ्ठं वावर पोखरी टाकं!" मी पोचेपर्यंत त्याने नऊच्या नऊ भोकं दगडमातीने ठासून बुजवली होती. खरं कळल्यावर तर जास्तच चिडला. "वावर पेराकरता शे, दांड्या फिरावाकरता नही."

मी नसले तर पुढच्याच हंगामात तिथे कापूस लावणार, असं त्याने तोंडावर सांगितलंय. म्हणून हे वावर माझ्या पश्चात आमच्या नोंदणी केलेल्या मुलींच्या गोल्फ मंडळाला द्यावं. अध्यक्ष सुनंदाबाई. त्यांची मुलगी कामिनी आमची सगळ्यात भारी खेळाडू.

२. माझ्या सगळ्या गोल्फच्या काठ्या कामिनीला. ती डावखुरी असून उजव्या हाताच्या काठ्यांनी खेळते. माझ्या बचतीतून आधी तिला डाव्या हाताचा सेट घ्यावा, उरलेले पैसे आईला.

३. दरवर्षी नव्या पोरींना बायकांच्या गोल्फचा इतिहास सांगावा, बोअर न करता. स्कॉटलंडमध्ये दीडशे वर्षांपूर्वी बायकांना वेगळं चिमुकलं मैदान दिलं, कारण काठी खांद्याच्या वर नेणं बाईला शोभत नाही म्हणे. हे ऐकून सुनंदाबाई म्हणाल्या, "मंग त्या डोकावर हांडा कशा ठेयेत वं?" पुढे अमेरिकेत तेरा जणींनी स्वतःची व्यावसायिक संघटना काढली. टोकियो ऑलिंपिकमध्ये आपली भारताची पोरगी चौथी आली, तेव्हा मी होस्टेलच्या गच्चीवर नाचले होते. तिथूनच हे वेड. आमच्या पोरींनी काठी खांद्याच्या वर न्यावी, हवी तेवढी.

४. स्कूटी आणि माझी सोन्याची चेन हेमराजदादाला. परवा नाशिकच्या स्पर्धेला त्यानेच पोरींना पिकअपमधून नेलं. कामिनीने लांबून मारलेला चेंडू भोकात गेला तेव्हा सगळ्यात मोठी शिट्टी त्याची होती. वावराचं विचारलं की मात्र अजूनही उठून जातो. तो उद्या या कागदावर भांडेल का, ही एकच काळजी आहे.

खुलासा: कलम ४ मधली पहिली ओळ खोडली आहे, ती माझ्या संमतीने. कारण असं: एक साक्षीदार मेघाताई, दुसरा मिळेना. दादाशी वाकडं नको म्हणून शेजारी एकेक करून सटकले. शेवटी दादाच आला. उभ्याउभ्या सगळं वाचलं.

"मना नाववर स्कूटी शे?"

"आणि चेन. म्हणून तुझी सही चालत नाही. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं मेघाताई म्हणतात."

"मंग खोडी टाक."

"दादा, वावर पण मंडळाला जातंय. वाचलंस ना?"

"वाचं. पेन दे."

वरील मजकूर सर्वांसमक्ष वाचून, समजून सही केली.

लिहून देणार: मोहिनी प्रेमराज गिरासे
ठिकाण: शिंदखेडा. दिनांक: १२ जानेवारी २०२५

साक्षीदार:
१. ॲड. मेघा भिकन पाटील, धुळे
२. हेमराज प्रेमराज गिरासे, सख्खा भाऊ, धंदा शेती