अंगारा लावून घेतला

१४ डिसेंबर, भाजे

बाळ झोपलंय. लिहिण्यासारखं काही नाही, तरी लिहिते.

भाताचं खाचर रिकामं झालं. रविवार, म्हणून आबांनी तिथं लेणी बघायला येणाऱ्यांच्या गाड्या लावून घेतल्या. दिवसभर हॉर्न. एरवी बाहेर जाऊन दोघा-तिघांना सुनावलं असतं. आज ऐकत पडून राहिले.

शेजारची शांताकाकू बाळाला बघायला आली. "आगं बया, ही आपली वैशालीच का? तोंडातनं शबुद न्हाई!" आई खूश. "आई झाली की मानूस शानं हुतं." दोघी हसल्या. मीही हसले. वेळेवर हसता येतं अजून.

१७ डिसेंबर

संदीपचा फोन, तळेगावहून, कारखान्यातली पाळी सुटल्यावर. 'दुर्वा' नाव सगळ्यांना आवडलं म्हणे. आम्ही दोघांनी मुक्ता ठरवलं होतं. बारशाला त्याच्या बहिणीने पाळण्यात दुर्वा म्हटलं आणि मी गप्प राहिले. त्याला वाटतंय, बायकोने मोठेपणा दाखवला.

मोठेपणा कसला. कुठल्याच नावाने काही वाटत नव्हतं.

"ती झोपली तरी मला झोप येत नाही," म्हटलं. "होतं गं सुरुवातीला," म्हणाला. असेलही.

२० डिसेंबर

पाजते, लंगोट बदलते, शेक घेते, डिंकाचा लाडू खाते. सगळं वेळच्या वेळी. कुणीतरी आपलं मूल सांभाळायला ठेवून गेल्यासारखं. येतील तेव्हा नेतील.

हे वाक्य लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. खोटं तरी नाही.

कार्ल्याच्या महिला मेळाव्याचं आमंत्रण. बाईचं शरीर, बाईचा निर्णय. या विषयावर मी हातात कागद न घेता बोलायचे, मागच्या रांगेतले पुरुष उठून जाईपर्यंत. येणार नाही, असं कळवलं. कारण : बाळ लहान आहे. सोयीचं कारण. पुढे कुणी काही विचारत नाही.

२३ डिसेंबर

आईने देवीचा अंगारा आणला. मी खात नाही, बोलत नाही, दूधही कमी, म्हणजे नजरच लागली असणार. तिने बोट पुढे केलं, नेहमीसारखं बिचकत. मी कपाळ पुढे केलं. तिने बाळालाही लावला.

याच अंगाऱ्यावरून शाळेत असताना या घरात मी उपास धरला होता. पुढे गावोगाव त्याच्याविरुद्ध बोलले. एका गावात माईक काढून घेतला, तर पारावर चढून बोलले. आणि आज...

आईच्या डोळ्यांत पाणी. "देवीनं बुद्दी दिली माज्या लेकीला."

आबा दारात उभे होते. जेवताना भाकरी अर्धी ठेवून उठले.

२४ डिसेंबर

सकाळी आबा येऊन समोर बसले.

"वैशू, काल अंगारा का लावून घेतलास?"

"आईला बरं वाटतं म्हणून."

"तुज्या आईला तू जल्मल्यापास्नं अंगाऱ्यानं बरं वाटतंय. कदी लावलास?"

मी बाळाचं दुपटं सारखं केलं.

"मी देवीचा मानूस. मला आनंद व्हायला पायजे हुता. न्हाई झाला. रातभर इचार केला. काय हुतंय तुला?"

मी सुरू केलं, की बाळंतपणानंतर स्त्रीकडून समाजाच्या ज्या अपेक्षा...

"ते मायकावर. मला सांग."

सांगितलं. "आबा, ती माझी वाटत नाही. आणि मी नसले तर सगळ्यांचंच बरं होईल, असं वाटतं." मोठ्याने पहिल्यांदाच.

आबांनी खुंटीवरची टोपी घेतली. मग म्हणाले, "आवर. वडगावला जाऊ."

आई आडवी आली. "सव्वा म्हैना झाला न्हाई. उंबरा कशी वलांडंल?"

"उंबरा कुटं पळून चाललाय? आल्यावर बघ त्याच्याकडं."

वडगावला डॉक्टरबाई, माझं बाळंतपण केलेल्या. सगळं विचारलं. झोप, भूक, रडू. बाळाला इजा करावीशी वाटते? नाही. स्वतःला? विचार येतो. काही ठरवलंय? नाही. विचारताना त्यांचा आवाज जराही बदलला नाही, म्हणून मला सांगता आलं.

"नजर नाही, आळस नाही, तुमचा स्वभावही नाही. बाळंतपणानंतरचं नैराश्य. आजार आहे."

शब्द मला ठाऊक होता. यावर वाचलंय, बोललेय. तरी ओळखला नाही. मला वाटत होतं, मी अशीच झाले.

त्यांनी तिथूनच तळेगावच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांना फोन लावला. उद्याच बोलावलंय. तोवर मला एकटं सोडायचं नाही, विचार जोर धरू लागले तर उद्याचीही वाट बघायची नाही. हे आबांना समोर बसवून सांगितलं. आबांनी विचारलं, "आमचं काय चुकलं?" "कुणाचंच नाही." "मग हरकत न्हाई," आबा म्हणाले. खिशातून रुमाल काढला आणि घाम नसताना तोंड पुसलं.

२६ डिसेंबर

कालपासून गोळी. अंगावर पाजलं तरी चालेल अशी. फरक पडायला काही आठवडे लागतील. दर आठवड्याला जाऊन बोलायचंही आहे. मी, आणि बोलण्याचं औषध!

संदीप रजा टाकून आला. फोनवर म्हणाला होता, "तुला? तू तर दुसऱ्यांना धीर देतेस." आल्यावर लंगोट धुतले, वाळत घातले. मग विचारलं, लोणावळ्याला त्याच्या आईला काय सांगायचं.

"खरं ते."

तो माझ्या आईकडे बघायला लागला. आई म्हणाली, "गुडगं दुकत्यात म्हना."

हसू आलं नाही. पण हा विनोद आहे, एवढं कळलं.

४ जानेवारी

काल जरा हलकं. आज पुन्हा छातीवर पाटा. डॉक्टर म्हणतात, असंच खालीवर होत जाईल. दुर्वा माझ्याकडे बघत होती. मीही बघितलं. पुढे काही...

११ जानेवारी

सव्वा महिना होऊन गेला. सासरी कधी जायचं, ते अजून ठरलेलं नाही.

आज आईने पुन्हा अंगाऱ्याची ताटली आणली. "गोळ्या हायेत त्या हायेत, संगं देवीचंबी आसू दे." बोट पुढे.

"नको," म्हटलं. एवढंच. त्यापुढचं भाषण आलं नाही.

"झालं! आली का परत मूळ वळनावर!" आई तणतणली. आबा बाहेर गाड्या लावून घेत होते. खिडकीतून वाकले.

"काय म्हनली?"

"काय म्हनायचीय? नको म्हनली."

"परत इचार."

आईने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. परत विचारलं.

"नको, आई."

आबा मान डोलवत गाड्यांकडे गेले.

दुपारी पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडले. बाळ आईजवळ. ताटली तिने खिडकीत ठेवलीय. उद्या परत विचारणार आहे, म्हणाली.