चार घोड्यांचं लग्न

बाबा, आज मी एवढी हासली, की नातीनं पाण्याचा गिलास आणून हातात दिला. झालं असं, की तिनं तिची ती बिजलीवर वाजणारी गिटार खोलून ठेवली होती अन् मलेच विचारत होती, तारा टेकतात तिथं एकच सलग पट्टी बसवू, का एकेका तारेखाली वेगळा तुकडा? मी म्हटलं, अवं बाई, हा निवाडा तर मी माझ्या लग्नाच्या आधीच करून बसली! आता तिलेच लिहायले बसवलं. मले अक्षर येत नाही, तुम्हालेही येत नव्हतं. आपलं पत्र बरोबरीचं आहे.

आपण धम्म घेतला, त्याच्या दोन-चार वर्षांनंतरची गोष्ट. नव्या रीतीचं आपल्या गावातलं पहिलं लग्न माझं. पांढरं लुगडं, फुलं, मेणबत्ती. भटजी नाही, सनई नाही. वरच्या आळीतले म्हणत, "यायचं लग्न मुकं. पोरगी सासरी चालली का बाजारात, समजणारही नाही." ते तुमच्या जिव्हारी लागलं. कापसाच्या जिनातल्या कामातून सुटी घेऊन तुम्ही यवतमाळले गेले अन् बटणं दाबून वाजवायचा एक जुना बेंजो घेऊन आले. तारा होत्या, पण त्या ज्यावर टेकतात ते लाकूड, म्हणजे घोडी, तीच गायब. दुकानदार म्हणे, हाडाची लावा, खणखणीत वाजते. तुम्ही मले सांगून राह्यले होते अन् चिडून पटाशी चालवून राह्यले होते, "हाडं उचलणं सोडलं आपण. आता तारेखाली कायले ठेवू?"

मग सागवानाच्या दोन तऱ्हा केल्या तुम्ही. एक सलग घोडी, चारी तारांले मिळून. ती बसवली की बेंजो असा गरजे, की कोंबड्या उडत. पण वरची बटणं दाबली की सूर घसरे. दुसऱ्या चार इवल्याशा, एकेका तारेची आपली आपली, मागंपुढं सरकवून सूर नेमका लागे. आवाज मात्र बारीक. तुम्ही सलग घोडीवर अडून बसले. "साऱ्या गावाले ऐकू गेलं पाहिजे," म्हणे. मी चुलीपुढून म्हटलं, "मोठ्यानं तर गाढवही ओरडते, बाबा." आई तोंडाले पदर लावून हासली. तुम्ही पटाशी खाली ठेवली अन् म्हणाले, "लग्न तुझं आहे. कर तुझ्या मनासारखं." मी चार घेतल्या.

अन् तुम्ही खुशीत मामाजवळ झरी गावाले, माझ्या होणाऱ्या सासरी, निरोप धाडला, "घोडीचं काम झालं. पोरीनं स्वतः निवडली. बिनघोर या."

आता मले सांगा, लग्नघरचा असा निरोप ऐकून कोण लाकडाचा तुकडा समजन? आपल्यातला नवरदेव घोडीवर बसून वरच्या आळीतून गेला, असं तेव्हा कोणाच्या पाहण्यात नव्हतं. तिकडं नुसता जल्लोष! वऱ्हाड आलं ते नाचत. नवरदेवाचा फेटा केवढा, अन् रुमालात भिजवलेले चणे बांधलेले, घोडीले चारायले. मी दाराच्या फटीतून पाहून राह्यली होती.

"घोडी कुठं हाय?" त्यायच्या काकानं विचारलं.

तुम्ही बेंजो पुढं केला. "एक नाही, चार हायेत."

काकाचा चेहरा लाल. "थट्टा करता काय आमची? पोराले काय काय सांगून आणलं आम्ही! चला रे, बैल जुंपा!" मग तुम्ही खाली बसले अन् वाजवायले लागले. आवाज बारीक होता, म्हणून बैल जुंपणारेही थांबून कान द्यायले लागले. वरच्या बटणावर गेले तुम्ही, अन् सूर हालला नाही. मले माहीत होतं हालणार नाही, तरी मी चौकट घट्ट धरून होती.

नवरदेव म्हणाले, "काका, बसा. ऐकू द्या." मग रुमाल सोडून तुम्हाले म्हणाले, "पण मामाजी, हे चणे आता कोण खाईन?"

काकाच पहिले हासले, अन् पहिली मूठही त्यायनंच भरली. लग्न लागल्यावर तुम्ही बेंजो गळ्यात अडकवला अन् म्हणाले, आता वरच्या आळीतून जाऊ. गेलो आपण, पायी, वाजवत. दारं उघडत गेली, अन् कोणी एक शब्द बोललं नाही. मुकं कोण होतं, ते त्या दिवशी साऱ्यायनं पाह्यलं.

नात विचारते, पाठवायचं कुठं? कुठंच नाही, बाई. पण एक गोष्ट तुम्हाले कधी बोलली नाही, बाबा. मामा निरोप घेऊन निघाला तेव्हा क्षणभर मीच चुकली होती. मले वाटलं, तुम्ही खरंच घोडी आणली. अन् मनात आलं ते हे, की नवरदेवाले चालू द्या पायी. वर मी बसीन.