उशिरा येणारा आवाज

बाबा,

परवा कुडाळला जाऊन कॉम्प्युटर बघून आले. तुम्हाला हसू येईल, पण आपल्या वाडीत आता बायकांचं भजन मंडळ आहे. बारा जणी आहोत. मला पेटी येत नाही, झांजही धड धरता येत नाही, म्हणून मी गजर लिहिते. एकीने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी उचलायची, तुमच्याच पद्धतीने. आधी वहीत लिहिते, खोडते, मग फोनवर टाईप करून सगळ्यांना पाठवते, आणि सराव सुरू झाला की निम्म्या जणी जुनी ओळ म्हणतात नि निम्म्या नवी. शेवटी मंडळाने ठरवलं की एक कॉम्प्युटर घ्यायचा, त्यावर मी गाणी लिहायची, मोठ्या अक्षरात सगळ्यांना दिसतील अशी ठेवायची, आणि आपल्याच माजघरात बसून ती रेकॉर्ड करायची. निवड माझ्यावर सोपवली. मी एके काळी कॉम्प्युटर शिकवत होते ना. "तुका कळता त्यातला," असं आमच्या पेटीवाल्या वहिनी म्हणाल्या.

दुकानाचा मालक पन्नाशीचा असेल. नाटक कंपन्यांना आणि भजन मंडळांना आवाजाचं सगळं सामान तोच पुरवतो. मी कागदावर प्रश्न लिहून नेले होते. टेबलावरचा मोठा घ्यावा की लॅपटॉप, पंख्याचा आवाज माइकमध्ये येतो का, माइक किती लागतील. त्याने कागद वाचला आणि विचारलं, "गातला कोण?" मी म्हटलं, बारा बायका. "बारा बायका आणि एक माइक? मगे रेकॉर्डिंग नको, भांडणच होतला," असं म्हणून तो स्वतःच हसला. पण समजावून सांगितलं नीट. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट टिकत नाही तेव्हा लॅपटॉपच बरा, पंखा कमी आवाजाचा बघून घ्या, आणि माइक थेट लॅपटॉपला लावू नका, मध्ये ही पेटी लागते. पेटी म्हणजे आपली पेटी नव्हे, हाताएवढा लोखंडी डबा, पुढे दोन बटणं. मी विचारलं, ह्याची गरज काय? तेव्हा त्याने माझ्या कानाला हेडफोन लावला, डबा न लावता माइक थेट लॅपटॉपला जोडून समोर धरला आणि म्हणाला, "बोला कायतरी." मी माझं नाव सांगायला लागले. माझाच आवाज कानात थोडा मागाहून येत होता. फार नाही, पापणी मिटून उघडावी एवढाच. पण तिसऱ्या शब्दाला माझी जीभ अडखळली. मी थांबले. "बघलास? हयसर भलो भलो गायक खड्ड्यात जाता," तो म्हणाला. "आपलोच आवाज उशिरा इलो की माणूस तेची वाट बघीत ऱ्हवता. लय पडता. गायक बिचारो म्हणता माजा चुकला. चूक तेची नसता, मशीनीची असता."

मी हेडफोन काढून काउंटरवर ठेवला. त्याला वाटलं, मला तो पसंत पडला नाही. दुसरा काढून दाखवू लागला.

बाबा, तुम्ही मला कॉम्प्युटर घेऊन दिलात ते वर्ष आठवतं. मालवणला क्लासमध्ये शिकवायला मी नुकतीच लागले होते. तुम्ही त्याच्यासाठी फणसाच्या लाकडाचं टेबल केलंत, मागच्या बाजूला वायरी जायला खाच ठेवलीत आणि खाचेच्या कडा घासून गोल केल्यात. मी विचारलं, मागचं कोणाला दिसणार आहे? तुम्ही म्हणालात, "वायरीक दिसतला." वाडीत येईल त्याला ते टेबल दाखवायचात. आणि टेबलाआडून मला. "आमचा चेडू कॉम्प्युटर शिकयता," असं सांगताना तुमचा आवाज डबलबारीत, दोन भजनी बुवांच्या सामन्यात, समोरच्या बुवाला उत्तर देताना चढायचा तसा चढायचा.

बारी मी कायम लांबून ऐकली. बायकांच्या घोळक्यात, मांडवाच्या कडेला. समोरच्या बुवाने गजरातून चिमटा काढला की तुम्ही पेटीवरून मान वर न करता दोन ओळी तिथल्या तिथे जुळवून परत टाकायचात आणि मांडव उसळायचा. घरी येऊन मी त्या ओळी आठवून वहीत लिहायची. तुमच्याकडे स्वतःची अशी वही नव्हतीच. लहानपणी एकदा मी म्हटलं होतं, मलाही मंडळात बसू द्या. तुम्ही रागावला नाहीत. "चेडवांका खंय बसयतत?" एवढं म्हणून पेटीचा भाता पुसत राहिलात. मीही पुन्हा विचारलं नाही.

आता तो दिवस. चतुर्थीला अजून महिनाभर आहे. तुमचे गजर कॉम्प्युटरवर घ्यायचे असं मी ठरवलं आहे, आणि तुम्ही धुतलेलं धोतर नेसून, कपाळाला गंध लावून, माजघरात टेबलासमोर बसला आहात. आवाज मिसळू नये म्हणून मी सगळ्यांना बाहेर काढलं आहे. दार लावलं आहे, खिडकीत गोधडी लावली आहे. पखवाज मागाहून घेऊ असं सांगून पखवाजवाल्या काकांना ओटीवर बसवलं आहे. झांज नाही, कोरस नाही. उभ्या आयुष्यात तुम्ही माणसांच्या रिंगणाबाहेर गायला नव्हतात, आणि मी तुम्हाला एका खोलीत एकट्याला बसवून कानावर हेडफोन चढवला. त्यात कॉम्प्युटरचा टिक टिक ठोका, आणि तुमचाच आवाज.

पहिली ओळ बरी गेली. मग तुम्ही ठोक्याच्या मागे पडू लागलात. मी थांबवलं. परत घेतलं. परत मागे. चौथ्या वेळी मी म्हटलं, आणि जरा मोठ्यानेच म्हटलं, कारण तुमचे कान झाकलेले होते, "बाबा, तुमी लय सोडतास."

तुम्ही हेडफोन काढलात. "मिया?" एवढंच म्हणालात.

मी स्क्रीनवर दाखवलं. ठोक्याच्या उभ्या रेघा, सारख्या अंतरावर, आणि तुमचा आवाज प्रत्येक रेघेच्या जरा पलीकडे. तुम्ही वाकून बघितलंत. रेघेवर बोट ठेवलंत, जसं सुतारकामात चौकटीवर ठेवायचात तसं. मला वाटलं होतं तुम्ही वाद घालाल. बाहेरून काका ओरडले, "बुवानू, मशीनीन तुमची बारी मारल्यान!" आणि तुम्हीही हसलात. मग म्हणालात, "मशीन सांगता तर तसाच असतला."

तुम्ही असं का म्हणालात ते मला कळतं. मी दहाएक वर्षांची असताना देवबागला एका घराची चौकट बसवत होतात आणि मी जेवणाचा डबा घेऊन आले होते. तुम्ही विचारलंत, सरळ आहे का बघ. मी लांबूनच म्हटलं, सरळ दिसते. असे रागावलात! "दिसता म्हणान काय झाला? डोळो फसता गो बाय. ओळंबो फसना नाय." आणि ओळंब्याची दोरी माझ्या हातात देऊन वजन डुलायचं थांबेपर्यंत मला हलू दिलं नाहीत. चौकट बोटभर कलली होती. सुताराने हत्याराचं ऐकायचं, स्वतःचं नाही, हे तुम्ही मला तेव्हा शिकवलंत. म्हणून वीस-पंचवीस वर्षं बाऱ्या मारलेल्या माणसाने दीड वर्षाच्या कॉम्प्युटरचं ऐकलं. त्याला ओळंबा समजून.

चतुर्थीला मंडळ नेहमीप्रमाणे घरोघर निघालं. पहिलं भजन आपल्याच घरी. पेटी मांडली गेली आणि तुम्ही ती दोन्ही हातांनी शेजारी बसलेल्या दुसऱ्या बुवांसमोर सरकवलीत, आणि मागच्या ओळीत जाऊन झांज घेतलीत. काका म्हणाले, "बुवानू, ह्या काय? मस्करी केलंय मी तेवा." तुम्ही म्हणालात, "मस्करी नाय रे. माजी लय सुटली हा. चेडवान मशीनीर बघल्यान." आणि हे सांगताना तुमच्या चेहऱ्यावर माझं कौतुक होतं. मी उसळीचं पातेलं घेऊन दारात उभी होते. तशीच आत गेले.

त्यानंतर दोन वर्षं तुम्ही होतात. मंडळात पेटीला हात लावला नाहीत. डबलबारीचं बोलावणं घेऊन माणसं आली की त्यांना चहा देऊन दुसऱ्या बुवाचं नाव सांगायचात.

लिहायला बसले ती हेच सांगायला की तुमची लय सुटली नव्हती. तुमचाच आवाज तुमच्या कानात उशिरा येत होता आणि तुम्ही भल्या माणसासारखे त्याच्यासाठी थांबत होतात. कुडाळच्या माणसाने मला परवा ते दाखवलं. लॅपटॉप आणि तो लोखंडी डबा मी नक्की केला आहे. माइक एकच घेणार, रिंगणाच्या मधोमध ठेवायला. हेडफोन कोणाच्याही कानाला लावायचा नाही, टिक टिक बंद, पखवाज आमच्यातच बसेल. वहिनी म्हणाल्या, पण मग आवाज एकमेकांत मिसळतील की. मी म्हटलं, मिसळू देत. हे सगळं तुमच्या टेबलावर मांडणार आहे. खाच अजून तशीच गुळगुळीत आहे.

पत्र इथे संपवणार होते. पण "परवा दाखवलं" हे मी वर लिहिलं, ते खरं नाही.

त्या रेकॉर्डिंगनंतर आठ दिवसांनी, दुपारची, मी एकटीच टेबलाशी बसले होते. तुम्ही अंगणात फळीला रंधा मारत होतात. हेडफोन लावला आणि माइक चालतो का बघायला पहिला सुचला तो शब्द बोलले, "बाबा." तो कानात मागाहून आला. पुन्हा म्हटलं, पुन्हा मागाहून. मी कॉम्प्युटर शिकवत होते, बाबा. मला लगेच कळलं. हेडफोन उतरवला तर बाहेर तुमचा रंधा चालला होता, एकसारखा, त्या रेघांसारखा. चतुर्थीला तीन आठवडे होते. अंगण दहा पावलांवर. पण मशीन चुकलं म्हटलं तर ते लावणारी मी चुकले असं झालं असतं, आणि सगळ्या वाडीला तुम्ही माझं कौतुक सांगून ठेवलं होतंत. आणि आणखी एक. रिंगणात बसायला न मिळालेल्या मला, बुवाची चूक आपण पकडली, याचं आठ दिवस थोडं बरं वाटत होतं. ते सोडवेना.

रंधा थांबला. तुम्ही दारात आलात, हातावर लाकडाचा भुसा. "काय गो बाय, हाक मारलंस?"

मी म्हटलं, "नाय."